हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : न्यू जर्सीतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मिडलसेक्स काउंटीत एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मूळची नागपूरची, इथे येऊन बावीस वर्षं झाली. एडिसन, इझेलिन, पिस्कॅटवे या भागात राहणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची आणि माझी काउंटरवर गाठ पडलेली असणार. कधी सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी, कधी शाळा सुरू होताना फ्लूच्या लशीसाठी. हे पत्र ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक औषधांच्या, खटल्यांतून राज्याला मिळणाऱ्या पैशाबद्दल आहे. ते खरं तर राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला लिहायचं, असं कोणी म्हणेल. तिथे मी इंग्रजीत लिहिलंच आहे. पण एका फार्मासिस्टच्या पत्राने अर्थसंकल्प हलत नाही. मतदारसंघातल्या पन्नास घरांतून फोन गेले तर आमदाराच्या कार्यालयात कोणीतरी वही उघडून त्याची नोंद करतं. ते फोन आपल्या घरांतून जावेत म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ सांगते. दुकानात गर्दी होती आणि एक बाई शाम्पूच्या रॅकपाशी कितीतरी वेळ घुटमळत होत्या. साठीच्या आतबाहेरच्या, अंगात मुलाचा वाटावा असा मोठा कोट, पायात मोज्यांवर चपला. रांग संपली तशा पुढे आल्या. माझ्या कोटावरची नावाची पट्टी वाचून हळूच मराठीत म्हणाल्या, "ते नाकात मारायचं औषध फुकट मिळतं म्हणे. नाव सांगावं लागतं का?"

"नाही काकू."

"इन्शुरन्सचं कार्ड?"

"काहीच लागत नाही."

मी नॅलॉक्सोनचं, म्हणजे ओपिऑइडच्या अतिसेवनाने थांबत आलेला श्वास परत आणणाऱ्या औषधाचं, खोकं त्यांच्यापुढे ठेवलं. आत नाकात मारायचे दोन डोस असतात. माणूस निळा पडलाय, श्वास थांबत आलाय असं दिसलं की ९११ ला फोन लावायचा, त्याला उताणं झोपवायचं, मान किंचित मागे करायची, टोक नाकपुडीत घालायचं आणि दाबायचं. दोन-तीन मिनिटांत श्वास परतला नाही तर दुसरा डोस. त्यांनी हे मला दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी मोबाइलमध्ये मराठीत टिपून घेतलं, 'निळा' या शब्दापाशी बोट थांबलं, मग पुढे लिहिलं. मी कोणासाठी म्हणून विचारलं नाही, विचारायचं नसतंच. जाताना त्या वळल्या. "हे संपलं तर पुन्हा द्याल ना?"

देईन म्हटलं. जानेवारी २०२३ पासून न्यू जर्सीत चौदा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, योजनेतल्या कुठल्याही फार्मसीत, नाव न सांगता हे औषध फुकट मिळतं. 'नॅलॉक्सोन ३६५' असं त्या योजनेचं नाव. २०२१ मध्ये या राज्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तीन हजारांहून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये तो आकडा दोन हजारांच्या खाली आला. तो आपोआप उतरला नाही. हजारो हातांत अशी खोकी गेली, व्यसनमुक्तीचे उपचार सोपे झाले, रस्त्यावर जाऊन काम करणारी माणसं वाढली. हे सगळं चालवायला पैसा लागतो, आणि पत्र त्या पैशाबद्दल आहे.

जून २०२५ मध्ये आपल्या राज्याने ५८.८ अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प मंजूर केला. त्याच्या शेवटच्या दिवसांत ओपिऑइड खटल्यांच्या तडजोडीतून आलेल्या रकमेतले साडेचार कोटी डॉलर चार मोठ्या हॉस्पिटल-समूहांना देण्याचं ठरलं. वॉशिंग्टनहून मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यात, कपात येऊ घातली होती, हॉस्पिटलांचं नुकसान होणार होतं, ते काही प्रमाणात भरून काढायचं, असं कारण सांगण्यात आलं. ज्यांच्या खात्याने हे खटले लढवले ते राज्याचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल (सर्वोच्च कायदा अधिकारी) मॅथ्यू प्लॅटकिन यांनी जाहीर विरोध केला. व्यसनातून बाहेर आलेली माणसं आणि मुलं गमावलेले आईबाप यांनीही केला. तरी ३० जूनला सही झाली.

ज्याचं आहे त्याला न विचारता दुसऱ्याला देऊन टाकणं, याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात. या पैशाला मालक आहे. तो कोण, हे नीट समजून घ्या अशी माझी पहिली विनंती आहे.

ओपिऑइडचे पैसे हा कर नव्हे, दंडही नव्हे. ही नुकसानभरपाई आहे. ज्या कंपन्यांनी या वेदनाशामक गोळ्या बनवल्या, वाहून नेल्या आणि विकल्या त्यांच्यावर देशभरातल्या राज्यांनी, काउंट्यांनी आणि शहरांनी खटले भरले. २०२१ मध्ये तीन मोठ्या वितरक कंपन्या आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून २६ अब्ज डॉलर देण्याचं कबूल केलं, चूक मान्य न करता. जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय आपल्या न्यू ब्रन्सविकमध्ये आहे, रटगर्सच्या मुलांना सोडायला जाताना आपण त्याच्यासमोरून जातो. पुढे फार्मसीच्या साखळ्या आणि इतर उत्पादकही तडजोडीला आले. न्यू जर्सीला २०३८ पर्यंत हप्त्याहप्त्याने एक अब्जाहून जास्त डॉलर मिळायचे आहेत. त्यातला निम्मा वाटा राज्याचा आणि निम्मा करारात सामील झालेल्या काउंट्या आणि नगरपालिकांचा.

राष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे की किमान ८५ टक्के रक्कम ओपिऑइडने केलेली हानी निस्तरण्यासाठी खर्च व्हावी. कशावर, याची लांबलचक यादी करारालाच जोडलेली आहे. नॅलॉक्सोन, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या व्यसन सोडवायच्या औषधांचे उपचार, गरोदर बायका आणि व्यसनाची लक्षणं घेऊन जन्मलेली बाळं, तुरुंगातले उपचार, सुटल्यावर राहायला जागा, शाळेतलं प्रबोधन. ही यादी इतकी सविस्तर का केली? तंबाखूच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत होतं म्हणून.

त्या प्रकरणाकडे येण्याआधी माझा स्वतःचा संबंध सांगते, कारण तो न सांगता हे पत्र लिहिणं मला पटत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी या गोळ्या मोजत होते. ऑक्सिकोडोन या ओपिऑइड गोळ्यांच्या बाटल्या कुलपाच्या कपाटात असतात. प्रिस्क्रिप्शन आलं की कुलूप उघडायचं, निळ्या ट्रेवर गोळ्या ओतायच्या, पट्टीने पाच-पाच करून बाजूला सारायच्या. या औषधांची मोजणी दोनदा करायची आणि आद्याक्षरं टाकायची असा शिरस्ता. एकशेवीस गोळ्या म्हणजे चोवीस वेळा पट्टी फिरते. दाढ काढलेल्या पोराला तीस, पाठ दुखणाऱ्या ड्रायव्हरला एकशेवीस, पुढच्या महिन्यात पुन्हा एकशेवीस. प्रिस्क्रिप्शन खरं होतं, डॉक्टर खरे होते, मी कायद्याने चुकले नाही. पण नेहमीचे काही चेहरे हळूहळू खंगत गेले आणि मग यायचेच बंद झाले, हे मी काउंटरच्या आतून बघितलं आहे. त्यांतल्या किती जणांनी गोळ्या परवडेनात म्हणून हेरॉइन धरलं, किती जण त्याहून जहाल अशा फेंटानिलने गेले, मला कळायला मार्ग नव्हता. भरपाईचा पैसा त्या माणसांच्या नावाने आलेला आहे. मी प्रत्येक गोळी दोनदा मोजली, तो पैसा कुठे जातो हेही मोजून बघण्याचा मला हक्क आहे असं मी धरून चालते.

आता तंबाखू. नोव्हेंबर १९९८ मध्ये ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी करार केला. पंचवीस वर्षांत २०६ अब्ज डॉलर मिळणार होते, न्यू जर्सीच्या वाट्याला सुमारे साडेसात अब्ज. सिगारेटने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचाराचा खर्च राज्यांनी उचलला होता, त्याची ती भरपाई होती. शिवाय मुलांनी सिगारेटला हात लावू नये म्हणून कार्यक्रम राबवायचे होते. पण तो पैसा कशावर खर्चायचा याचं बंधन करारात नव्हतं.

विदर्भातल्या संत्राबागा ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना पुढचं चटकन कळेल. झाडावर फळ अजून हिरवं असताना व्यापारी बागेत येतो, अंदाज बांधतो, आणि सगळा बहार एकरकमी विकत घेतो. बागायतदाराला हातात रोकड मिळते. मुलीचं लग्न निघालेलं असतं, बँकेचा तगादा असतो, तो देऊन टाकतो. भाव चढला तर तो व्यापाऱ्याचा. पण माझ्या आजोळी कोणी एका वर्षाच्या पुढचा बहार विकल्याचं मी ऐकलं नाही. न्यू जर्सीने २००२ आणि २००३ मध्ये पुढच्या कित्येक वर्षांचा बहार एकदम विकला. तंबाखूच्या येणाऱ्या हप्त्यांवर साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपासचे रोखे काढले आणि ती रोकड त्या दोन-तीन वर्षांच्या तुटीत ओतली. त्यानंतर सिगारेट कंपन्यांकडून दरवर्षी येणारा बहुतांश पैसा रोखे घेतलेल्या गुंतवणूकदारांकडे जात राहिला. २०१० च्या दशकात सलग काही वर्षं या राज्याने तंबाखू प्रतिबंधावर स्वतःचा शून्य डॉलर खर्च केला. शून्य. आपली मुलं त्याच वर्षांत मिडल स्कूलमध्ये होती, आणि दशक संपता संपता बाथरूममध्ये व्हेपिंग चालतं म्हणून शाळांची पत्रं आपल्याला आली. आपण ती वाचून मुलांना दम दिला. तो पैसा कुठे आहे हे विचारायला हवं होतं, ते आपल्याला माहीतच नव्हतं.

दुसरं उदाहरण तर रोज आपल्या डोळ्यांसमोर आहे. न्यूयॉर्कला कामाला जाणाऱ्यांची गाडी न्यूअर्क पेन स्टेशन सोडते आणि लगेच लोखंडी पुलावरून नदी ओलांडते. ती पसेइक. तिच्या काठी, लिस्टर अव्हेन्यूवर, डायमंड अल्कली नावाचा कारखाना होता. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकातली रसायनं तिथे बनत आणि त्यातलं डायॉक्सिन हे विष नदीत जाई. आजही तिथले खेकडे पकडायला आणि खायला मनाई आहे. राज्याने २००५ मध्ये खटला भरला. २०१३ आणि २०१४ मध्ये तडजोडी झाल्या, एकूण साडेपस्तीस कोटी डॉलर मिळाले. नदीच्या आणि काठच्या वस्तीच्या वाट्याला त्यातले पावणेसात कोटींच्या आसपास आले. बाकी राज्याच्या सर्वसाधारण निधीत गेले, तूट होती म्हणून. त्याच सुमाराला एक्सॉनचा खटला मिटला. लिंडन आणि बेयॉन इथल्या रिफायनऱ्यांच्या प्रदूषणाबद्दल राज्याने ८.९ अब्ज डॉलर मागितले होते. २०१५ मध्ये साडेबावीस कोटींवर तडजोड झाली आणि अर्थसंकल्पातल्या एका तरतुदीमुळे पहिले पाच कोटी पर्यावरणाला, उरलेले पुन्हा तिजोरीत.

हे बेकायदेशीर नव्हतं, आणि खरी मेख इथेच आहे. राज्याच्या अर्थसंकल्पी विधेयकात आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत वाक्यं असतात. त्यांतली कितीतरी एका ठरावीक शब्दरचनेने सुरू होतात: कोणत्याही कायद्यात वा नियमात याविरुद्ध काहीही असलं तरी. एवढं लिहिलं की आधीचा कायदा त्या वर्षापुरता बाजूला सारता येतो. तुम्ही कितीही चांगला कायदा करून निधी राखीव ठेवा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक वाक्य घातलं की कुलूप उघडतं. ओपिऑइडच्या पैशासाठीही २०२३ मध्ये कायद्याने स्वतंत्र निधी केलेला आहे. त्याच्या आधी, २०२२ मध्ये, तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी आदेश काढून सल्लागार मंडळ नेमलं. व्यसनाचा अनुभव घेतलेल्या माणसांनाही त्यात जागा दिली. मंडळाने लोकांकडून सूचना मागवल्या, ऐकून घेतलं, शिफारशी केल्या. आणि साडेचार कोटींचा निर्णय मात्र अर्थसंकल्पाच्या वाटाघाटीत झाला.

नदीच्या बाबतीत शेवटी उपाय कोणी केला? आपण केला. ७ नोव्हेंबर २०१७ ला मतपत्रिकेवर दुसरा प्रश्न होता: नैसर्गिक संपत्तीच्या नुकसानीबद्दल खटल्यांतून येणारा पैसा पर्यावरणाच्याच कामाला राखून ठेवावा अशी दुरुस्ती राज्यघटनेत करावी का? मला नागरिकत्व मिळून फार दिवस झाले नव्हते. गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी गेले होते, तो प्रश्न तिथेच पहिल्यांदा वाचला, मागची बाई खाकरली तरी पुन्हा एकदा वाचला आणि 'होय' दाबलं. राज्यातल्या दहातल्या जवळपास सात जणांनी होय म्हटलं. घटनेत बसलेली गोष्ट अर्थसंकल्पातल्या वाक्याने बाजूला सारता येत नाही. म्हणून २०२५ मध्ये पिण्याच्या पाण्यात साचणाऱ्या, निसर्गात सहजी न मोडणाऱ्या 'कायमच्या रसायनां'बद्दल थ्रीएम कंपनीने ४५ कोटी डॉलरपर्यंत देण्याचं मान्य केलं तेव्हा निसर्गाच्या नुकसानीपोटी येणाऱ्या रकमेला आधीच कुंपण होतं. ओपिऑइडच्या पैशाला ते नाही. नदीसाठी जे केलं ते माणसांसाठी करायचं राहिलं आहे.

या विषयावर बोलायला लागले की आपलीच माणसं मला दोन गोष्टी विचारतात. दोन्ही रास्त आहेत.

पहिली: हॉस्पिटलांना दिले तर बिघडलं कुठे, तिथेही ओव्हरडोसचेच पेशंट येतात ना? येतात. इमर्जन्सीतले डॉक्टर आणि नर्स जीव तोडून काम करतात, आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे नोकरीला आहेत. मेडिकेडची कपात हे खरं संकट आहे आणि राज्याने हॉस्पिटलांना मदत करावी असं माझंही मत आहे. पण ती राज्याची जबाबदारी आहे, आणि तिच्यासाठी ५८.८ अब्ज समोर होते. साडेचार कोटी म्हणजे त्यात शंभर डॉलरमागे आठ सेंटही नाहीत. एवढी रक्कम त्या डोंगरात कुठेच सापडली नाही, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या नावाने आलेल्या पैशातच सापडली, हे मला पटत नाही. गल्लीबोळात जाऊन सुया बदलून देणाऱ्या, रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या छोट्या संस्थांसाठी मात्र हे साडेचार कोटी म्हणजे वर्षानुवर्षांचं काम असतं. त्यांच्याकडे ट्रेंटनला पाठवायला वकील नसतात.

दुसरी: हे पैसे वापरले नाहीत तर आपला प्रॉपर्टी टॅक्स वाढेल. या राज्यात घर असलेल्या कोणाच्याही पोटात या वाक्याने गोळा येतो, माझ्याही येतो. पण विचार करा. तूट दरवर्षीची आहे. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे, तो पुढच्या वर्षीही असेल. तडजोडीचा हप्ता त्यात घातला तर एका वर्षाचं भोक बुजतं आणि पुढच्या जुलैला ते तिथेच असतं. तंबाखूचे रोखे विकून २००३ नंतर आपला टॅक्स कमी झाला का? घराची कागदपत्रं काढून बघा.

याहून फसवा प्रकार आणखी एक आहे, आणि तो पकडायला अवघड. समजा काउंटीत व्यसनमुक्तीचा एक कार्यक्रम सरकारी पैशावर चालू आहे. त्याला दरवर्षी मिळणारे दहा लाख काढून घेतले आणि तेवढेच दहा लाख तडजोडीच्या निधीतून दिले. कागदावर सगळं करारानुसार झालं, पैसा व्यसनमुक्तीवरच खर्च झाला. पण त्या कार्यक्रमात एक खाट वाढली नाही, एक समुपदेशक वाढला नाही. मोकळे झालेले दहा लाख दुसरीकडे गेले. घरातलंच उदाहरण घ्या: समजा, अपंग झालेल्या भावाच्या नावाने अपघाताची भरपाई आली, आणि इतकी वर्षं बाबा जो औषधाचा खर्च करत होते तो त्यांनी थांबवून भरपाईतून सुरू केला, बाबांच्या वाचलेल्या पैशातून घराचं छत बदललं. छत गळत होतं हे खरं. पण भावाला काय मिळालं? राष्ट्रीय करारात अशा अदलाबदलीला सरसकट बंदी नाही. म्हणून हिशोब मागताना पैसे कशावर खर्च झाले एवढं विचारून भागत नाही. आधी नव्हतं असं यातून काय उभं राहिलं, ते विचारायचं.

न्यायालयाने असा पैसा परत करायला लावल्याचं उदाहरणही आहे. २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी घरजप्तीच्या घोटाळ्यांबद्दल २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. कॅलिफोर्नियाने आपल्या वाट्यातले ३३ कोटी १० लाख, घरं गमावणाऱ्यांना मदत करण्याऐवजी, स्वतःच्या तुटीकडे वळवले. अल्पसंख्याकांसाठी काम करणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ते पैसे परत ठेवायला सांगितलं. घरं जाऊन तोवर कित्येक वर्षं लोटली होती.

आपल्या देशातलंही एक आठवतं. १९८९ मध्ये भोपाळच्या वायुकांडाची तडजोड ४७ कोटी डॉलरला झाली. रक्कम किती तुटपुंजी होती हे सगळ्यांना माहीत आहे. पण व्याज आणि चढलेला डॉलर यांमुळे वाटप झाल्यावरही सुमारे पंधराशे कोटी रुपये शिल्लक राहिले. ते कोणत्याही योजनेत न घालता, कोणत्याही तिजोरीत न टाकता, वायुपीडितांनाच वाटून द्या असं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्या पैशाचा मालक कोण हे न्यायालयाने विसरू दिलं नाही. मला ट्रेंटनकडून एवढंच हवं आहे.

आणि आता थोडं आपल्याविषयी. गणपतीला आपण हजारोंनी जमतो. निवडणुका आल्या की उमेदवार कुर्ता घालून आपल्या दिवाळीला येतात, आपण त्यांच्या हाती माइक देतो. त्या वेळी आपण विचारतो व्हिसाबद्दल, शाळांबद्दल, दिवाळीच्या सुट्टीबद्दल. व्यसनाबद्दल कोणी विचारत नाही, कारण विचारलं की माना वळतात: हिच्या घरी काही आहे की काय? ज्यांच्या घरी आहे त्यांनी तोंड उघडायचं नाही आणि ज्यांच्या घरी नाही त्यांचा संबंध नाही, अशी आपली रीत झाली आहे. त्या काकू तासभर शाम्पू बघत उभ्या राहिल्या त्या या रीतीमुळे. मुलाला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मिळालेल्या गोळ्या आपल्या लोकांच्या कपाटातही उरतात. कॉलेजच्या पार्टीत आपलीही पोरं असतात. आपण गप्प राहिलो की ट्रेंटनमध्ये असं धरलं जातं की या पैशाला वाली नाही, आणि वाली नसलेल्या पैशाचं काय होतं ते आपण पिढ्यानपिढ्या बघत आलोय. मड्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात त्याला. शब्द जहरी आहे, मी तो विचार करूनच लिहिला आहे.

दर वसंतात सिनेट आणि असेंब्लीच्या अर्थसंकल्प समित्यांच्या जाहीर सुनावण्या होतात. कोणीही नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलू शकतो, लेखी निवेदन देऊ शकतो. १ जुलैला नवं आर्थिक वर्ष लागतं, त्यामुळे जूनचा शेवटचा आठवडा निर्णायक. तुमच्या मतदारसंघाचे एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य असतात. तिघांच्या कार्यालयांना फोन करा. नाव आणि पिनकोड सांगा आणि म्हणा की ओपिऑइड तडजोडीचा पैसा तुटीला लावू नका, आणि २०१७ मध्ये नदीसाठी केली तशी घटनादुरुस्ती या पैशासाठी मांडा. दुरुस्ती मतपत्रिकेवर यायला दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात, नाहीतर लागोपाठ दोन वर्षं साधं बहुमत. वेळ लागेल. म्हणून आत्ताच सुरुवात हवी.

निम्मा पैसा काउंट्या आणि नगरपालिकांकडे येतो हे विसरू नका. एडिसनच्या, पिस्कॅटवेच्या, साउथ ब्रन्सविकच्या कौन्सिलच्या बैठकीत उभं राहून आपल्या गावाच्या वाट्याला किती आले, किती खर्च झाले, नवीन काय उभं राहिलं हे विचारायला दहा मिनिटं लागतात. आपल्यातले कित्येक जण दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे हिशोब तपासतात. एक संध्याकाळ या हिशोबाला द्या.

आणि ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना: दुकानात रांग असली तरी सरळ पुढे या. शाम्पू बघत थांबू नका. मी दिसले नाही तर काउंटरवर जो असेल त्याला नुसतं "नॅलॉक्सोन" म्हणा.

यंदा सुनावणीला मी जाणार आहे. त्या दिवशी रजा टाकेन. एडिसनहून ट्रेंटनला गाडीने पाऊण तास लागतो, आणि माझ्या गाडीत चार जागा रिकाम्या आहेत.

आपली,
मिडलसेक्स काउंटीतली एक फार्मासिस्ट